एकत्र बसून केलेल्या ध्यानाने दंगल थांबते का, युद्ध थांबतं का? माहिती आणि अनुभव हवेत

अबोली

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

मी बावीस वर्षं भावातीत ध्यान करते. सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं. बाळंतपणाचे दोन महिने सोडले तर खंड नाही. त्याने मला काय दिलं ते सांगत बसले तर दुसरा धागा लागेल. सासूबाई शेवटचे आठ महिने अंथरुणाला खिळून होत्या, ते दिवस मी कुणावर आवाज न चढवता काढले, एवढं सांगितलं तरी पुरे.

प्रश्न वेगळा आहे. आमचं तालुक्याचं गाव. गेल्या वर्षी मिरवणुकीत दगडफेक झाली, तीन दिवस संचारबंदी लागली. लग्न होऊन आल्यापासून ज्या गल्लीतून मी भाजी आणते तिथली चार दुकानं जळाली. दोन यांची, दोन त्यांची. जीव कुणाचा गेला नाही. पण माझे ब्लाउज शिवणारी रुबीनाभाभी तेव्हापासून माझ्याकडे आली नाही आणि मीही तिच्याकडे गेले नाही. माझं एक कापड अजून तिच्याकडेच आहे, अस्तरासकट.

आता आमच्या ध्यानाच्या गटाला निरोप आलाय. राज्याच्या लोकसंख्येच्या एक टक्क्याचं वर्गमूळ काढलं की साधारण अकराशे येतात, तेवढे साधक दहा दिवस एका ठिकाणी बसले तर राज्यातली हिंसा कमी होईल, असं त्यात म्हटलंय. राहण्या-जेवणाचं शुल्क आहे. आमच्या गावातून तीस जण जमवायचं काम माझ्याकडे आलंय. सोबत जेरुसलेम १९८३ आणि वॉशिंग्टन १९९३ अशा दोन प्रयोगांची माहिती जोडली आहे.

हे खरं असावं असं मला फार वाटतं. आणि तेवढ्यासाठीच माझ्या मतावर माझा भरवसा नाही. माझ्या शब्दावर लोक रजा टाकतील, पैसे भरतील. त्याआधी या प्रयोगांत नेमकं काय झालं ते कुणी नीट सांगेल का?

विदा_वेचक

अबोलीताई, माझं पोटापाण्याचं कामच आकडेवारीचं आहे, म्हणून लिहितो. तुमच्या साधनेबद्दल मला काही म्हणायचं नाही, फक्त या दाव्याबद्दल बोलतो.

भावातीत ध्यानाचे प्रवर्तक महर्षी महेश योगी यांचा मूळ दावा एक टक्क्याचा होता. गावातल्या शंभरात एकाने ध्यान केलं तर त्या गावातले गुन्हे घटतील, असा. १९७२ मध्ये हा टप्पा गाठलेल्या अमेरिकेतल्या अकरा शहरांचा अभ्यास झाला आणि तिथे गुन्हे घटल्याचं सांगितलं गेलं. पुढे १९७६ मध्ये सिद्धी कार्यक्रम आला, ज्यात साधक उड्या मारत तरंगण्याचा सराव करतात. तो एकत्र केला तर एक टक्काही नको, एक टक्क्याचं वर्गमूळ पुरे, असं नवं सूत्र आलं. हे सूत्र भौतिकशास्त्रातून उचललंय. एकतालात असलेले प्रकाशस्रोत एकत्र आले की तीव्रता त्यांच्या संख्येच्या वर्गाने वाढते, लेझरमध्ये असं होतं. माणसांच्या मनांचंही तसंच होतं हे गृहीत धरलं की वर्गमूळ निघतं. मनं लेझरसारखी वागतात हे मात्र कुणी दाखवलेलं नाही.

हिशेब करून बघा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्र ११,२३,७४,३३३. त्याचा एक टक्का सव्वाअकरा लाखांच्या आसपास, वर्गमूळ १०६०. साऱ्या जगासाठी सुमारे ९०००.

आता जेरुसलेम. ऑगस्ट-सप्टेंबर १९८३, दोन महिने. शेजारी लेबनॉनमध्ये युद्ध चालू होतं, इस्राएलचं सैन्य १९८२ च्या जूनपासून आत होतं. जेरुसलेममध्ये एक गट रोज एकत्र ध्यानाला बसत होता आणि त्याची संख्या ६५ ते २४१ अशी वरखाली होत होती. इस्राएलसाठी सूत्राप्रमाणे दोनशे लागतात. ज्या दिवशी बसणारे जास्त, त्या दिवशी लेबनॉनमधले मृत्यू कमी, जेरुसलेममधले गुन्हे, अपघात, आगी कमी, असं त्यांना आढळलं. युद्धातले मृत्यू ७६ टक्क्यांनी कमी असा त्यांचा आकडा आहे. हा निबंध डिसेंबर १९८८ मध्ये ‘जर्नल ऑफ कॉन्फ्लिक्ट रेझोल्यूशन’ या नावाजलेल्या नियतकालिकात छापून आला. संपादकांनी सोबत स्वतंत्र टिपण जोडलं, आणि १९९० मध्ये त्याच नियतकालिकात त्यावर टीकाही आली.

माझी अडचण कुठे आहे ते सांगतो. कुठल्या दिवशी किती जण बसणार हे चिठ्ठी टाकून ठरलेलं नव्हतं. लोक सोयीने येत होते. सुट्टी, सण, शनिवार, रस्त्यावरची परिस्थिती, या सगळ्याने बसणाऱ्यांची संख्या हलते आणि याच गोष्टींनी अपघात, गुन्हे, लढाईही हलते. दोन्ही एकत्र हलले म्हणून एकाने दुसऱ्याला हलवलं असं होत नाही. शिवाय ते दोन महिने काय होते बघा. सप्टेंबरच्या सुरुवातीला इस्राएलने लेबनॉनमधल्या शूफच्या डोंगरातून सैन्य मागे घेतलं आणि तिथे द्रूझ पंथाच्या आणि ख्रिस्ती सैनिकांत भयंकर लढाई पेटली. २५ सप्टेंबरला युद्धविराम ठरला. एवढ्या मोठ्या उलथापालथीत साठ दिवसांची आकडेवारी फार थोडी पडते.

वॉशिंग्टनचं उद्या लिहितो, इथे रात्रीचे पावणेबारा झालेत.

आनंदयात्री५४

मी भावातीत ध्यानाचा शिक्षक आहे, तीस वर्षांहून जास्त काळ. विदा_वेचक यांनी माहिती सरळ दिली, त्याबद्दल आभार. बहुतेक वेळा आमच्या वाट्याला टवाळीच येते.

दोन गोष्टी सांगतो. एक, यंत्रणा माहीत नाही म्हणून परिणाम नाही असं विज्ञानातही कुणी म्हणत नाही. लिंबाने स्कर्व्ही बरा होतो हे जीवनसत्त्व सापडायच्या कितीतरी आधी खलाशांना ठाऊक होतं. दोन, हा एकच प्रयोग नाही. १९८३ च्या डिसेंबरअखेरीस आयोवातल्या फेअरफील्डला सात हजारांच्या आसपास लोक जमले होते, त्याचाही अभ्यास झाला. आफ्रिकेतल्या मोझांबिकचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोआकिम चिसानो स्वतः ध्यानाला लागले, त्यांनी सैनिकांनाही शिकवलं. सोळा वर्षं यादवीत होरपळलेला देश सावरला, आणि २००७ मध्ये मो इब्राहिम यांच्या नावाचं, आफ्रिकेतल्या चांगल्या नेतृत्वासाठीचं पहिलं पारितोषिक चिसानो यांना मिळालं. पदावर असलेला माणूस इतक्या ठामपणे मागे उभा राहतो, त्याला काही अनुभव असेलच ना?

अबोलीताई, तुमच्या गावात जे झालं ते वाचून वाईट वाटलं. तीस जण जमवा. त्यात नुकसान कुणाचंच नाही.

विदा_वेचक

आनंदयात्रीकाका, लिंबाचं उदाहरण मला आवडलं. पण जेम्स लिंडने १७४७ मध्ये एकाच जहाजावरच्या बारा आजारी खलाशांच्या जोड्या पाडल्या, प्रत्येक जोडीला वेगळं काही दिलं, तेव्हा लिंबू-संत्र्याचा फरक उघड दिसला. माझं मागणं तेवढंच आहे. बसायचे आणि न बसायचे आठवडे आधी सोडत काढून ठरवा, मोजायचं काय ते आधी जाहीर करा, आणि मोजणारा माणूस बाहेरचा ठेवा.

मोझांबिकचा शांतता करार ४ ऑक्टोबर १९९२ ला रोममध्ये झाला. त्यामागे दोन वर्षांच्या वाटाघाटी होत्या. सांत’एजिदियो या कॅथलिक समाजाच्या लोकांनी दोन्ही बाजूंना एका टेबलाशी आणलं आणि धरून ठेवलं. शीतयुद्ध संपलं होतं, बंडखोरांना दक्षिण आफ्रिकेकडून येणारा मदतीचा ओघ आटला होता, भीषण दुष्काळ पडला होता. चिसानो शांत मनाचे होते म्हणून ते टेबलाशी बसू शकले असतील, हे मी आनंदाने मान्य करतो. ते एका माणसाच्या मनावरचं काम झालं, आणि तो माणूस स्वतः त्या खोलीतल्या निर्णयांचा धनी होता.

आता वॉशिंग्टन. ७ जून ते ३० जुलै १९९३. आठशेपासून सुरू होऊन शेवटी चार हजार साधक. जॉन हेगलिन हे भौतिकशास्त्रज्ञ प्रमुख. हिंसक गुन्ह्यांत कमाल २३.३ टक्के घट, असा निष्कर्ष १९९९ मध्ये छापून आला. ही घट कशाच्या तुलनेत, ते बघायला हवं. तापमान आणि आधीचा कल धरून एक अंदाज बांधला होता, “एरवी इतके गुन्हे झाले असते” असा. घट त्या अंदाजापेक्षा आहे. खुनांचा आकडा त्या शहरात १९९२ मध्ये ४४३ होता आणि १९९३ मध्ये ४५४. वर्षभराचा आहे, तेवढ्या आठ आठवड्यांचा नाही, पण माणसाने कुठल्या आकड्याकडे बघून धीर धरायचा ते समजायला पुरेसा आहे.

अलीकडचंही सांगतो. २०२३ च्या डिसेंबरअखेरीपासून १३ जानेवारी २०२४ पर्यंत हैदराबादजवळ कान्हा शांतिवनममध्ये दहा हजारांचं उद्दिष्ट ठेवून जगभरातून साधक जमले होते. म्हणजे सूत्राप्रमाणे साऱ्या जगाला पुरतील एवढ्या लोकांसाठी तो मेळावा होता. गाझा आणि युक्रेनमध्ये माणसं मरत राहिली.

आनंदयात्री५४

पंधरा दिवस पुरत नाहीत, कायमचा गट हवा, असं आम्ही पहिल्यापासून म्हणतो. एवढंच.

पालखी_सोहळा

आकडेमोड वाचून एक मनात आलं. गोराईच्या विपश्यना पगोड्याच्या सभागृहात आठ हजार बसतात, आणि आषाढीला पंढरपुरात लाखो लोक एका नामात असतात. सूत्र खरं असेल तर जगाला पुरून उरेल इतकं आपल्याकडेच आहे. ध्यान आणि नामस्मरण वेगळं, हे मान्य. पण मी अठरा वाऱ्या केल्या आहेत. वाटेत दिंडीतली माणसं एकमेकांच्या पाया पडतात, जात विचारत नाहीत. आणि त्याच माणसांच्या गावात परतल्यावर पाणवठ्याचे, मंदिराचे तंटे तसेच असतात. याचं मला दर वर्षी वाईट वाटतं. एकवीस दिवस टिकतं ते बाविसाव्या दिवशी कुठे जातं?

आयोवाकर

मी नऊ वर्षं सीडर रॅपिड्सला आहे, फेअरफील्ड इथून दीड-दोन तासांवर. तीन-चारदा गेलोय. चहूकडे मका आणि सोयाबीन, मधेच दोन सोनेरी घुमट. एक पुरुषांचा, एक बायकांचा. आत जमिनीवर सलग फोमच्या गाद्या. महर्षींचं विद्यापीठ १९७४ पासून तिथे आहे. लोक अत्यंत चांगले, हे मनापासून सांगतो. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मुलीला ताप भरला, तर ओळखदेख नसताना एका आजींनी घरी नेऊन मुगाची खिचडी खाऊ घातली.

पण २००४ च्या मार्चमध्ये त्याच विद्यापीठाच्या जेवणघरात एका विद्यार्थ्याने दुसऱ्याला भोसकून मारलं. मारणारा मुलगा मानसिकदृष्ट्या आजारी होता. चाळीस वर्षांत एखादी घटना कुठल्याही विद्यापीठात होऊ शकते, ती दाखवून त्या गावाला नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. मला वेगळंच टोचतं. सामूहिक ध्यान वातावरण सांभाळतं असा भरवसा असला, की समोरच्या एका मुलाचं बिघडत चाललेलं मन बघायला आपण जरा कमी जागे राहतो का? हे मी त्या लोकांना दोष म्हणून म्हणत नाही. मी स्वतः रोज ध्यान करतो, हा प्रश्न मला माझ्यासाठीच पडतो.

कसारा_घाट

विपश्यनेच्या बाजूने लिहिते. इगतपुरीला धम्मगिरीवर मी सहा शिबिरं केली, चार वेळा सेवा दिली. पहाटे चारला घंटा, दहा दिवस मौन, आणि दहाव्या दिवशी मंगल मैत्री, म्हणजे मनातून सगळ्यांचं भलं चिंतणं. सेवा देताना स्वयंपाकघरात भांडण झालं तर आधी ते मिटवूनच ध्यानाला बसायचं, हे तिथे शिकले. मनात राग ठेवून मैत्री वाटता येत नाही.

१९९४ च्या एप्रिलमध्ये तिहार तुरुंगात किरण बेदी महानिरीक्षक असताना विपश्यना शिकवणाऱ्या गोयंका गुरुजींनी हजारावर कैद्यांचं शिबिर घेतलं. त्याही आधी १९७५ मध्ये जयपूरच्या तुरुंगात शिबिर झालं होतं. ज्याच्या हातून हिंसा झाली तोच माणूस दहा दिवस स्वतःसमोर बसतो, याला मी फार मानते. तिथे कुठली लहर दूरवर जात नाही. बसणारा आणि बदलणारा एकच.

तरी एक सांगायलाच हवं. गुरुजींचा जन्म मंडालेचा. ही विद्या त्यांना ब्रह्मदेशात ऊ बा खिन यांच्याकडून मिळाली. घरोघरी ध्यान करणारे लोक जगात कुठे सापडतील तर त्या देशात. आणि २०१७ मध्ये त्याच देशातून सात लाखांवर रोहिंग्या मुसलमान जीव मुठीत धरून बांगलादेशात पळाले. गावंच्या गावं जाळली गेली. मी त्या वर्षी शिबिराला गेले होते. मैत्री देताना “सर्व प्राणी सुखी होवोत” म्हटलं आणि रडू आवरेना. ज्यांना शेजारी माणूस ‘आपला’ वाटत नाही, त्यांच्या ‘सर्व’मध्ये तो शेजारी येतच नाही.

विदा_वेचक

कसाराताई, तुमचं शेवटचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलंय.

दर्यावर्दी

मी २००१ ते २००५ कोलंबोत होतो, बंदराच्या कामावर. १५ मार्च २००२ ला अनुराधापुरात होतो. सर्वोदय श्रमदान चळवळीचे डॉ. अरियरत्ने यांनी बोलावलेलं सामूहिक ध्यान. साडेसहा लाख लोक आले होते.

आमच्या साइटवरचा फोरमन जाणार होता, तो म्हणाला चला. रात्रभर बसने प्रवास, उभ्याने. प्रत्येकाच्या अंगावर पांढरे कपडे, माझ्याकडे नव्हते तर त्याने भावाचा सदरा दिला. सकाळी भाताची पुडकी वाटली गेली. मग ऊन चढत गेलं आणि लोक बसत गेले, बौद्ध, हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती. घंटा झाली आणि शांत. एवढ्या लोकांत मला झाडावरच्या माकडांचा आवाज ऐकू येत होता. माझ्या डाव्या हाताला एक म्हातारी होती, तिच्या मांडीवर फ्रेम केलेला फोटो, लष्करी गणवेशातला पोरगा. उजव्या हाताला जाफन्याकडचं एक तमिळ जोडपं. म्हातारीने डोळे उघडल्यावर त्या बाईकडे पाण्याची बाटली सरकवली. भाषा एकीला एकीची येत नव्हती.

हे सगळं सरकार आणि तमिळ वाघ यांच्यातल्या युद्धविरामानंतर तीन आठवड्यांनी होतं. करार २२ फेब्रुवारीला झाला होता. म्हणजे ध्यानाने करार झाला असं नाही. करार झाल्यावर लोकांना तो आपला वाटावा म्हणून ते होतं. अरियरत्ने गांधी आणि विनोबांना मानणारे. त्यांची चळवळ १९५८ पासूनची, रस्ते, विहिरी, बालवाड्या यांतून उभी राहिलेली. दक्षिणेतली गावं उत्तर-पूर्वेतल्या गावांशी जोडायचं काम ते करत होते. सिंहली पोरं तमिळ गावात जाऊन छपरं शाकारत.

आणि पुढचंही सांगतो, नाहीतर अर्धवट राहील. २००६ मध्ये युद्ध पुन्हा भडकलं. २००९ च्या मे महिन्यात संपलं ते मुल्लिवाइक्कालच्या किनाऱ्यावर, आणि त्या अखेरच्या महिन्यांत चाळीस हजारांपर्यंत सामान्य माणसं मेली असावीत असं संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २०११ मध्ये म्हटलं. साडेसहा लाख माणसांचं ते मौन मी कानाने ऐकलंय. ते खरं होतं. पुरलं नाही. त्या म्हातारीच्या बाटलीसारखं रोज काही घडत राहिलं असतं तर पुरलं असतं का, मला माहीत नाही, पण मी तरी तिथूनच सुरुवात केली असती.

पवनारचा_वाटसरू

विनोबांचं नाव निघालं म्हणून. १९५७ मध्ये त्यांनी केरळात शांतिसेना सुरू केली, तिचाही एक आकडा होता. पाच हजार लोकवस्तीमागे एक शांतिसैनिक, म्हणजे तेव्हाच्या पस्तीस कोटींना सत्तर हजार. या हिशेबात वर्गमूळ नाही, कारण त्या एकाने आपल्या पाच हजारांत रोज फिरायचं, त्यांच्या अडीअडचणीला धावायचं, आणि दंगल पेटलीच तर मधे उभं राहायचं. आजच्या महाराष्ट्राला हा हिशेब लावला तर बावीस हजारांवर माणसं लागतील. सत्तर हजार काही तेव्हाही उभे राहिले नाहीत. अकराशे गोळा करणं सोपं आहे, हे खरंच.

धोटा

मी भिवंडीचा. चार पिढ्या यंत्रमागावर. इथे लिहायचं नव्हतं, पण अबोलीताईंनी ब्लाउजच्या कापडाचं लिहिलंय त्यावरून राहवलं नाही.

भिवंडी १९७० ला जळाली, १९८४ ला जळाली. ८४ ला मी सात वर्षांचा. आमचा माग जळाला. अर्धवट विणलेला ताणा जळताना सुताचा वास कसा येतो ते मी अजून विसरलो नाही.

१९८८ ला सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. प्रत्येक वस्तीत हिंदू आणि मुसलमान सारखेच, आणि त्या भागाचा पोलीस हवालदार त्यांच्यात. माझे वडील आमच्या गल्लीच्या समितीत होते. तुम्हाला वाटेल तिथे शांततेच्या गप्पा व्हायच्या. नाही हो. वडील घरी येऊन सांगायचे ते नळाचं पाणी, तुंबलेलं गटार, कुणाच्या पोराने कुणाच्या मागावरून बॉबिनं चोरली, कुणाचा भाडेकरू दारू पिऊन शिवीगाळ करतो. नवरा-बायकोची भांडणं सुद्धा. चार वर्षं हेच. चहा पोलीस चौकीतला, आणि वडिलांच्या शेजारी नेहमी बसायचे ते अन्सारीचाचा, ज्यांच्याशी ८४ पासून आमचं बोलणं बंद होतं. पहिले सहा महिने दोघं एकमेकांशी न बोलता हवालदाराशीच बोलायचे, असं वडील सांगत.

मग ६ डिसेंबर १९९२. मुंबई पेटली, डिसेंबरात आणि परत जानेवारीत. श्रीकृष्ण आयोगाने मोजलेले मृत्यू ९००. भिवंडी मुंबईपासून पन्नास किलोमीटर, इतिहास असा रक्ताने भरलेला, सगळ्यांना वाटलं आता ही जाणार. नाही गेली.

मी तेव्हा पंधरा वर्षांचा, त्यामुळे ती रात्र मला स्वच्छ आठवते. अकराच्या सुमाराला बातमी आली की पलीकडच्या मोहल्ल्यात हत्यारं जमवली आहेत. आमच्या गल्लीतली पोरं काठ्या घेऊन खाली उतरली. वडील बनियनवरच बाहेर पडले, सरळ अन्सारीचाचांच्या दाराशी गेले आणि हाक मारली. चाचा खाली आले, तेही तसेच, पायात चप्पल नव्हती. वडील म्हणाले, तुमच्याकडे काय चाललंय? चाचा म्हणाले, आमच्याकडे बातमी आहे की तुमच्याकडे जमवाजमव चालली आहे. दोघं चौकात ओट्यावर बसले, हवालदाराला बोलावलं, आणि पहाटेपर्यंत तिथेच बसून राहिले. दोन्हीकडची पोरं आपापल्या टोकाला उभी, आणि मधे हे तीन म्हातारे बिड्या ओढत. पोरं कंटाळून झोपायला गेली.

ध्यान म्हणा हवं तर. ते तिघं त्या रात्री शांत बसले होते, एवढं मी डोळ्यांनी पाहिलंय. पण त्या ओट्यावर बसता यावं म्हणून आधी चार वर्षं गटाराच्या बैठका झाल्या होत्या.

कसारा_घाट

धोटा, हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. वडील आहेत का?

धोटा

नाहीत ताई. २०१४ ला गेले. चाचा त्याआधी दोन वर्षं.

आनंदयात्री५४

कालपासून हा धागा तीनदा वाचला. माझी श्रद्धा बदललेली नाही, ती लपवणार नाही. सामूहिक चेतनेवर परिणाम होतो असं मी मानतो आणि मानत राहीन. पण “नुकसान कुणाचंच नाही” असं मी अबोलीताईंना म्हणालो होतो, ते मागे घेतो. दहा दिवस गावातली तीस शांत माणसं गावाबाहेर नेऊन बसवायची, आणि गावाला त्यांची गरज असताना ती तिथे नसायची, हे नुकसानच आहे. मी असा विचार केला नव्हता.

अबोली

सगळ्यांचे आभार कसे मानू. विदा_वेचकदादा, तुम्ही एवढा वेळ काढून लिहिलंत. काका, तुम्ही शेवटचं लिहिलंत त्याने मला फार धीर आला, कारण गटाला नाही म्हणायचं तर आपल्याच माणसांना दुखवल्यासारखं वाटत होतं.

मी निरोप पाठवला की तीस जण जमवणार नाही. ज्यांना जायचंय त्यांनी जरूर जावं, पण दंगल टळेल असं सांगून मी कुणाला नेणार नाही. ध्यान माझं चालूच आहे.

धोटा, एक विचारायचंय. पहिल्या बैठकीला लोक कसे आले? आमच्याकडे खोपडेसाहेबांसारखं कुणी नाही. ध्यानाच्या गटातले आम्ही चाळीस जण, सगळे एकाच कॉलनीतले, एकाच बाजूचे. मी आधी कधी हे मोजलंच नव्हतं.

धोटा

ताई, शांतता समिती असं नाव देऊ नका, कुणी येणार नाही, आणि येतील ते भाषण करायला येतील. दोन्ही वस्त्यांना सारखाच त्रास होतो असं काय आहे ते शोधा. पाणी, गटार, दिवे, मोकाट कुत्री. त्याच्या अर्जावर सह्या घ्या. सह्या घ्यायला जोडीने जा, एक इकडचा एक तिकडचा. आणि बायका घ्या. वडिलांच्या समितीत बायका कमी होत्या, आई शेवटपर्यंत म्हणायची की अफवा आधी न्हाणीघरात पोचते, मग चौकात.

अबोली

सव्वा महिन्याने लिहितेय. भाजीच्या गल्लीतला नाला दोन्ही वस्त्यांच्या मधून जातो. पावसाळ्याआधी तो उपसावा म्हणून नगरपरिषदेला अर्ज लिहिला. जोडीने जायचं तर कुणाबरोबर, हा प्रश्न होता. तीन दिवस घोळत राहिले. मग गुरुवारी संध्याकाळचं ध्यान करून उठले आणि तशीच रुबीनाभाभीकडे गेले.

तिने दार उघडलं, आत गेली आणि पिशवी आणून हातात दिली. ब्लाउज शिवून तयार होता. हुक-काजं सगळं झालेलं. गळ्याला टाचणीने चिठ्ठी लावलेली, त्यावर माझं नाव आणि तारीख. मिरवणुकीच्या आदल्या दिवशीची.

पैसे घेत नव्हती, मी ठेवून आले. अर्जावर आजपर्यंत एकसष्ट सह्या झाल्या आहेत, त्यातल्या चौतीस तिने आणि मी बरोबर फिरून घेतल्या. बाकीच्या गल्ल्यांना येत्या शुक्रवारी जाणार आहोत, दुपारच्या नमाजानंतर, कारण तेव्हा तिच्याकडचे पुरुष घरी सापडतात. नगरपरिषदेत अर्ज नेमका कुणाकडे द्यायचा, आरोग्य विभाग की बांधकाम, हे कुणाला माहीत असेल तर सांगा.

पवनारचा_वाटसरू

नालेसफाई बहुतेक ठिकाणी आरोग्य किंवा स्वच्छता विभागाकडे असते, पण अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे करा आणि आवक-जावक कक्षात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. प्रत जपून ठेवा.